बुलडोझरला बांधलेल्या बकऱ्या

माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा बंदूक रोखली गेली, आणि ज्याने ती रोखली त्याने त्याआधी जवळजवळ महिनाभर मला रोज कॉफी पाजली होती. त्यामुळे आधी घाबरावं की आधी रागवावं, हे मला पटकन ठरवता आलं नाही.

साठ सालच्या थोडी आधीची गोष्ट. मी कुवेतमध्ये एका ठेकेदाराकडे बुलडोझर चालवायचो. मूळचा मी खाडीकाठचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. मुंबईच्या गोदीत लाँचच्या इंजिनांवर हात काळे करून शिकलो आणि आगबोटीने इकडे आलो. ठेकेदाराच्या माणसाने विचारलं, "डिझेल इंजिन समजतं?" मी म्हटलं, "पाण्यातलं समजतं." तो म्हणाला, "मग कोरड्यातलंही समजेल." एवढीच मुलाखत. पहिले आठ दिवस मी ते धूड बोटीसारखं चालवलं आणि एका कॅम्पचा संडास पाडला. संडास रिकामा होता, म्हणून नोकरी राहिली.

माझ्या हाताखाली ग्रीस आणि डिझेल बघायला एक जोडीदार होता, श्रीवर्धनकडचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. त्याला जगात दोनच गोष्टींची भीती वाटायची, एक उंटाची आणि दुसरी नोकरी जाण्याची. आमच्यावरचा साहेब पॅलेस्टिनी इंजिनिअर होता, शांत आणि सिगारेटवर जगणारा. तो तिपाईवर दुर्बीण लावून पुढे खुंट्या ठोकत जायचा आणि मी त्या खुंट्यांच्या मागून वाळू-मुरूम ढकलत छातीएवढा बांध घालत यायचो.

हा बांध कशाला? अहमदीच्या पलीकडे, फिंतासच्या किनाऱ्यापासून बरंच आत, सरकारने वाळवंटाचा मोठा तुकडा आखून घेतला होता. तिथे विहिरी येणार, पाइप येणार, पुढे कधीतरी झाडंही लावणार असं म्हणत. झाडांचं ऐकून आम्ही कोकणी माणसं मनातल्या मनात हसायचो. बांधावर काटेरी तार येणार होती आणि आत कुणाचंही जनावर शिरायचं नव्हतं.

तिथे जनावर चरायला काय आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण हिवाळ्यात चार सरी पडल्या की त्या वाळूवर केसांसारखं बारीक हिरवं काही उगवतं. आमच्याकडची शेळी त्याच्याकडे बघूनही थांबली नसती. पण तिथल्या उंटांना आणि बकऱ्यांना ते मेजवानीसारखं. त्यासाठी दर वर्षी एक म्हातारा बदू, म्हणजे वाळवंटात फिरून जनावरं चारणारा अरब, आपले काळे तंबू घेऊन नेमका त्याच जागी यायचा. त्याचा बाप यायचा, आजाही यायचा.

त्या वर्षी तो आला तर तिथे मी. रोज सकाळी तो पितळी किटली घेऊन माझ्या मशीनपाशी यायचा, मला आणि जोडीदाराला कडू कॉफी द्यायचा आणि बांधावर हात फिरवून म्हणायचा, "छान केलंस, हिंदी. आता पाणी अडेल." त्याला वाटत होतं की सरकार त्याच्या गवतासाठी बांध घालतंय. मला ठाऊक होतं तसं नाही ते, पण माझी अरबी तेव्हा बाजारात मासे घेण्यापुरती होती. शिवाय कॉफी चांगली असायची.

एके दिवशी इंजिनिअर साहेबांनीच त्याला सांगितलं. मी मशीनवर बसून ऐकत होतो. साहेब म्हणाले, "हज्जी, पुढच्या आठवड्यात ही बाजू बंद होणार. जनावरं बाहेर काढावी लागतील."

"का?"

"जमीन सरकारची आहे."

म्हाताऱ्याने किटली खाली ठेवली. मग त्याने विचारलं, "सरकारचे उंट किती आहेत?"

"सरकारला उंट नाहीत."

"बकऱ्या?"

"नाहीत."

"मग गवताचं सरकार काय करणार?"

साहेबांनी खिसे चाचपले. त्यांनी सिगारेट पेटवली. म्हातारा किटली उचलून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी आली नाही. त्याऐवजी खुंट्यांच्या रांगेवर त्याचे उंट बसलेले होते, एकाशेजारी एक, आणि त्यांच्यामागे म्हातारा, त्याचे दोन मुलगे आणि काही पुतणे, हातात लांब नळ्यांच्या जुन्या बंदुका घेऊन.

साहेब जीपमधून उतरले. मला म्हणाले, "चालव हळूहळू. आपणहून उठतील."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही वर बसा. मी खाली उभा राहून हात दाखवतो."

तेवढ्यात म्हाताऱ्याने बंदूक खांद्याला लावली आणि नळी माझ्या छातीकडे केली. "हिंदी, तुझ्याशी माझं भांडण नाही," तो म्हणाला. "पण ते बंद कर."

मी बंद केलं. इतक्या झटकन कुठलंही इंजिन मी आधी बंद केलं नव्हतं. मग खाली उतरलो. जोडीदार मशीनच्या मागे उभा राहून कलमा पढत होता.

"किल्ली दे," म्हातारा म्हणाला.

"हज्जी, याला किल्ली नसते."

खरंच नसते. त्या मशीनमध्ये आधी पेट्रोलचं छोटं इंजिन चालू करायचं, मग ते मोठ्या डिझेलला जागं करायचं. हे मी त्याला अरबीत, हातांनी आणि तोंडाने आवाज काढून समजावलं. त्याचा विश्वास बसेना. त्याने माझे खिसे तपासले. एक कंगवा आणि सुपारी निघाली. सुपारी त्याने वास घेऊन परत दिली.

शेवटी हा प्रश्न त्याच्या बायकोने सोडवला. ती तंबूतून आली, मशीनभोवती एक फेरी मारली आणि आपल्या बकऱ्या आणून मशीनच्या साखळी-पट्ट्यांना बांधून टाकल्या. एक इकडे, दोन तिकडे, पिल्लं पुढच्या पात्याला. त्यानंतर धुतलेले कपडे आणून वरच्या दांड्यावर वाळत घातले. आता मशीन हलवायचं तर आधी बकऱ्या मारायला लागणार होत्या.

आमच्या गावी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, गायरान होतं. कुणाच्या नावावर नाही, सगळे चारायचे. मग जंगलखात्याचा रखवालदार यायचा आणि बकऱ्या धरून कोंडवाड्यात घालायचा, की गावातल्या बाया त्याच्या दारात जाऊन शिव्या देत बसायच्या. इथे बकरीवाल्यांनीच सरकारचं मशीन कोंडवाड्यात घातलं होतं. भीती होती ती होती, पण त्या बाईकडे बघून मला आत कुठेतरी बरं वाटलं.

म्हाताऱ्याने नियम सांगून टाकला. मशीन कैदी, आम्ही दोघे पाहुणे. पाहुण्यांनी वाटेल तेव्हा जावं. पण जीप घेऊन खबर द्यायला निघालेल्या साहेबांनी आम्हाला बजावलं, "मशीन सोडून आलात तर ठेकेदार घरी पाठवेल." त्यामुळे आम्ही पाहुणे म्हणूनच राहिलो, मशीनच्या सावलीत, बकऱ्यांच्या मधोमध, म्हातारीने पाठवलेला दुधाचा चहा पीत.

जोडीदार म्हणाला, "भाई, पोलीस येतील. मग काय करूचा?"

"मशीनखाली जावचा."

"खाली बकऱ्या हायत."

"मग बकऱ्यांखाली."

दुपारनंतर पोलीस आले. दोन ट्रक, एक जीप आणि एक तरुण अधिकारी. शहरातला, इस्त्रीच्या कपड्यांतला, बाहेरच्या देशात शिकून आलेला. त्याचे शिपाई मात्र सगळे वाळवंटातलेच. ट्रकमधून उतरले, बंदुका सरसावल्या आणि समोरच्यांना बघून सलाम करायला लागले. बदूंचा सलाम म्हणजे लहान गोष्ट नव्हे. तू कसा, तुझा बाप कसा, तुझे भाऊ कसे, पाऊस कुठे पडला, उंटिणी व्याल्या का. दोन्ही बाजू बंदुका धरून एकमेकांच्या आजारी नातेवाइकांची चौकशी करत होत्या. अधिकारी मध्ये उभा राहून घड्याळ बघत होता. एक शिपाई तर म्हातारीच्या बहिणीचा मुलगा निघाला. तिने सगळ्यांदेखत त्याला, लग्न कधी करणार, असं विचारलं.

मग अधिकाऱ्याने हुकूम दिला, "आडोसा घ्या."

त्या सपाट रानात आडोसा एकच होता, माझा बांध. शिपाई धावत गेले आणि बांधाच्या एका टोकाला पालथे पडले. ते बघून म्हाताऱ्याचे मुलगे आणि पुतणे धावले आणि दुसऱ्या टोकाला पालथे पडले. थोडा वेळ गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सगळे बांधाच्या एकाच बाजूला आहेत. मग कुणी कुठे जायचं यावर वाद झाला. माझ्या कामाची इतकी कदर पुढे कधी कुणी केली नाही.

अधिकाऱ्याकडे बोलायचा भोंगा होता. तो जीपवर उभा राहून ओरडायचा की ही सरकारी जमीन आहे, रिकामी करा. भोंगा वाजला की बसलेले उंट मान वळवून त्याच्याकडे बघायचे. माणसांपैकी कुणी बघायचं नाही. शिपायांचा शिधा घेऊन येणारा ट्रक रस्ता चुकला होता, तेव्हा म्हातारीनेच भाताचं मोठं ताट करून बहिणीच्या मुलाच्या हाती बांधाच्या त्या टोकाला पाठवलं. अधिकाऱ्याने शत्रूचं जेवायला मनाई केली. शिपायांनी त्याच्याकडे पाठ करून जेवण उरकलं.

इथवर मला सगळं हसण्यावारी वाटू लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अधिकाऱ्याचा धीर सुटला. शहरातून कुणीतरी त्याला वायरलेसवर झापलं असावं. तो ताडताड चालत माझ्याकडे आला, कमरेचं पिस्तूल काढलं आणि म्हणाला, "चढ वर. सुरू कर."

मी समोर पाहिलं. म्हाताऱ्याने बंदूक उचलली होती. मागे पिस्तूल, पुढे बंदूक.

मी म्हटलं, "साहेब, आधी तुम्ही दोघं ठरवा, मला कुणी मारायचं. मग मी चढतो."

"चढ," तो म्हणाला. पिस्तूल धरायची त्याला सवय दिसत नव्हती, म्हणून म्हाताऱ्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली. मी चढलो. म्हातारी धावत येऊन पात्याची पिल्लं सोडवायला लागली. वेळ काढावा म्हणून मी नुसतं छोटं इंजिन चालू केलं, मोठ्याला हात लावला नाही. पण त्या छोट्या इंजिनाचा आवाज म्हणजे किंकाळी. बसलेले उंट एकदम उठले आणि जिकडे तोंड होतं तिकडे सुटले. तोंड पोलिसांकडे होतं. त्यांचा तंबू गेला, भोंगा गेला, जीपचं छप्पर गेलं. शिपाई सैरावैरा धावले, आणि त्या गडबडीत एक बंदूक उडाली.

मी इंजिन बंद केलं. धूळ खाली बसली तेव्हा एक तांबूस उंटीण गुडघ्यांवर आली होती. मग ती कुशीवर पडली. पोटाखालची वाळू काळी होत चालली.

म्हाताऱ्याचा थोरला मुलगा उभा राहिला आणि त्याने बंदुकीचा घोडा मागे ओढला. तो आवाज मला अजून वेगळा ओळखता येईल. तेव्हा शिपायांच्या रांगेतून एक जण बंदूक वाळूत टाकून पुढे चालत आला. तो म्हातारीच्या बहिणीचा मुलगा. गोळी त्याच्याकडून सुटली होती. तो उंटिणीजवळ बसला आणि रडायला लागला.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "बंदूक खाली कर," तो म्हणाला. "आधी हिला हलाल करायला हवी. मेली तर कुणाच्याच उपयोगी नाही." आणि त्याने कमरेची सुरी काढून त्या रडणाऱ्या शिपायाला सांगितलं, "मान धर."

दोघांनी मिळून ते केलं. उंटाला मानेच्या मुळाशी कापतात, हे मी तेव्हा पाहिलं. मग मुलगे आले, आणखी शिपाई आले, आणि थोड्या वेळाने कोण कुठल्या बाजूचं हे हातांवरून सांगता येत नव्हतं, सगळे कोपरापर्यंत लाल. उन्हात एवढं मांस टिकणार नव्हतं. तेव्हा चुली पेटल्या आणि पोलीस आणि बदू एकाच ताटाभोवती बसले. अधिकारी जीपमध्ये एकटाच बसून होता. शेवटी म्हाताऱ्यानेच त्याला हाताला धरून आणलं. तो जेवला. माझ्या जोडीदाराने तर उंटाची भीती असूनही तीनदा वाढून घेतलं. म्हणाला, "आसा आसला तर माका चालता."

म्हातारी जेवली नाही. ती येऊन मशीनच्या पट्ट्याला टेकून बसली. मी तिला म्हटलं, "खाला, मी मोठं इंजिन चालू करणार नव्हतो." खाला हा शब्द तिच्याकडेही मावशीच आणि आमच्या कोकणी मुसलमानांतही मावशीच, म्हणून तो मला जमला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तिची आई मी माझ्या हाताने वाढवली होती." पुढे म्हणाली, "तिच्याच दुधाचा चहा तू पीत होतास."

मी तिच्याशेजारी बसून राहिलो. एक बकरी माझ्या सदऱ्याची बाही चावत होती, ती मी चावू दिली.

त्या संध्याकाळी इंजिनिअर साहेब परत आले. त्यांना सगळं सांगितलं. उंटांनी पाडलेल्या खुंट्यांमधून ते एक चक्कर मारून आले. मग मला म्हणाले, "आमच्या पॅलेस्टाइनमध्ये याफाजवळ माझ्या वडिलांची संत्र्यांची बाग होती. तिथेही कुणीतरी अशीच दुर्बीण घेऊन आलं असेल." पुन्हा त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत, पण पडलेल्या खुंट्या त्यांनी उचलल्या नाहीत.

सकाळी शहरातून कुणी मोठा माणूस निघाल्याची बातमी आली. थेट शेखांकडे उठबस असलेला, असं शिपाई सांगत होते. तो लांबलचक पांढऱ्या मोटारीतून आला, आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर ती मोटार दारांपर्यंत वाळूत रुतली. जीपने ओढून पाहिली, जीपही रुतली. शिपायांनी ढकलली, ती आणखी खोल गेली. मोठा माणूस सोनेरी काठाचा झगा सावरत खिडकीतून म्हणाला, "हे मशीन कशाला आहे मग?"

सगळ्यांनी मशीनकडे पाहिलं. मशीनला बकऱ्या होत्या.

अधिकारी म्हातारीकडे गेला, पहिल्यांदाच आवाज खाली घेऊन. "मावशी, बकऱ्या जरा सोडा."

म्हातारी दूध काढत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला सांग, आधी बोल. मग मोटार ओढू."

मोठा माणूस आधी रागावला. मग ऊन चढलं. मोटारीचे पत्रे तापले. शेवटी तो मोटारीच्या टपावर बसला, म्हातारा खाली वाळूत बसला, आणि बोलणी झाली. दोघे एकमेकांच्या आज्यांना ओळखत होते, हे लवकरच निघालं. त्यानंतर फार वेळ लागला नाही. बांधात एक फट ठेवायची, पावसानंतरच्या दिवसांत म्हाताऱ्याची जनावरं तिथून आत येतील. गेलेल्या उंटिणीच्या बदल्यात उंटीण. आणि तारेच्या राखणीला सरकारला चौकीदार लागणारच आहे, तर तो चौकीदार म्हातारा.

हे शेवटचं ऐकून माझा जोडीदार माझ्याकडे बघतच राहिला. "चोराच्या हाती..." असं काहीतरी तो म्हणायला लागला, तर मी त्याला गप्प केलं. कारण चोर कोण ते आमच्यासारख्यांनी ठरवायचं नव्हतं.

म्हातारीने बकऱ्या सोडल्या, कपडे काढले, घड्या घातल्या. मी मशीन चालू केलं आणि मोटार बाहेर काढली. तिचा मागचा बंपर मात्र निघाला तो तिथेच राहिला, आणि नंतर कैक दिवस म्हातारीच्या चुलीपाशी आडोशाला उभा होता.

बांध मी पुरा केला. फट सोडली. म्हाताऱ्याला खाकी कोट मिळाला. तो त्याने लांब दिशदाशावर, म्हणजे अरबी सदऱ्यावर, चढवला आणि इतका कडक चौकीदार झाला की मलाच अडवायचा. "पास," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "हज्जी, हा बांध मी घातला." तो म्हणायचा, "म्हणूनच विचारतो." त्याच्या चुलत भावाने एकदा आपले उंट फटीतून आत घातले, तर याने त्याच्यावर तीच जुनी बंदूक रोखली आणि सांगितलं की ही सरकारची जमीन आहे. चुलत भावाने सरकारच्या उंटांविषयी काही विचारलं की नाही, ते मला कळलं नाही.

दोन-तीन वर्षांनी कुवेत स्वतंत्र झाला, कामं वाढली, मी दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलो आणि गावाहून बायको आल्यावर शहराजवळच्या सालमियात खोली घेतली. ती फट पुढे दुसऱ्याच कुणी बुजवली. आतमध्ये विहिरी झाल्या. झाडंही लावली, त्यातली काही खरंच जगली. म्हाताऱ्याला सरकारने अहमदीच्या बाजूला घर दिलं. चार भिंती, नळ, वर गच्ची.

एका ईदला मी आणि बायको तिथे गेलो. म्हातारा थकला होता, कानाने कमी ऐकत होता, पण खाकी कोट खुंटीला होता. म्हातारी कुठे दिसेना. "वर आहे," त्याने बोटाने दाखवलं. गच्चीच्या जिन्यात एक तरुण बलदियाचा, म्हणजे म्युनिसिपालिटीचा, माणूस कागद मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. शेजाऱ्यांनी तक्रार केली होती की गच्चीवर बकऱ्या आहेत. मी विचारलं, "बराच वेळ झाला का?"

तो म्हणाला, "त्या म्हणाल्या, दूध काढून झालं की बोलू."

वरून म्हातारीने कोण आहे ते विचारलं. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "ये वर. त्यालाही म्हणावं, चहा घे, पण बस तिथेच." बायको माझ्या मागून चढत होती. त्या माणसाने कागद छातीशी धरून, पाय आखडून आम्हाला वाट दिली.